सुमनने ते वळण कसं घेतलं?

लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझी भाची प्रिया दिवाळीपासून मागे लागली आहे... "मामा, आई खरंच ट्रॅकवर मोटरसायकल चालवायची? एकदा सगळं लिहून टाक ना." मी रोज फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवून द्यायचो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, चुकेल म्हणून भीती वाटते... पण खरं कारण ते नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या लाँचच्या इंजिनांची कामं करायचो. धाकटी बहीण सुमन मालगुंडच्या शाळेत शिक्षिका होती. वडील लवकर गेले, त्यामुळे तिची काळजी माझ्याकडे आली... आणि काळजी करायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

एसटी चुकली की ती माझी जुनी, सेकंडहँड मोटरसायकल काढायची. संध्याकाळी परत येईपर्यंत आई दारात आणि मी रस्त्यावर.

शाळेतल्या एका सरांनी तिला सांगितलं, की कोल्हापूरच्या बाहेर एका माळावर मे महिन्यात हौशी मंडळी रेसचा ट्रॅक आखतात आणि नवशिक्यांना दोन दिवस चालवू देतात. मी नाहीच म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, समोरून एसटी येणार नाही असं एक वळण मला एकदा तरी घ्यायचंय."

मी पान्यांची पेटी काढली.

गाडी तयार करायला घेतली. आरसे, हॉर्न, स्टँड, इंडिकेटर सगळं उतरवलं. पुढच्या दिव्याच्या काचेवर चिकटपट्ट्या मारल्या, पडलीच तर काचा ट्रॅकवर सांडायला नकोत. चेन नवी, टायर नवे, ब्रेक नवे. लाँचवर इंजिनाच्या थरथरीने नट सुटतात म्हणून आम्ही ते तारेने बांधतो... तसा या गाडीचा दिसेल तो नट मी बांधला. इंजिन ऑइलचा तर दोनदा बांधला, तेल सांडलं तर मागून येणारा घसरायचा म्हणून.

होड्यांवर नावं रंगवणाऱ्या आमच्या पेंटरने उरलेल्या रंगात तिच्या लाल हेल्मेटवर एक पिवळा मासा काढून दिला.

शेवटी मी मुठीपाशी एक छोटा अडसर बसवला. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर फिरणार नाही असा. तिला सांगूनच बसवला. ती म्हणाली, "बरं. पहिल्या दिवसापुरता हं."

कोल्हापूरला आंबे घेऊन जाणाऱ्या टेंपोत गाडी चढवली. पेट्यांच्या मध्ये उभी करून चारी बाजूंनी पेंढा भरला. ड्रायव्हर बघत होता. "सदा, गाडी नेतोस की हापूस? पोचेपर्यंत पिकेल रे ती."

माळावर गाड्या तपासणारे एक गृहस्थ होते. त्यांनी त्या तारांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "दुरुस्त केलीय की शिवलीय?" पण गाडी पास केली.

पहिल्या दिवशी अडसर लावलेल्या गाडीवर ती फिरत राहिली. सगळे तिला मागे टाकून जात होते. कॉलेजची पोरं ओरडली, "बाई, शाळा सुटली, घरी चला." ती हसली. मी मात्र मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू...

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "दादा, काढ तो."

"आजचा दिवस राहू दे ना..."

"उद्या ट्रॅक नाहीये."

काढला. स्क्रू हातातून निसटून मातीत पडला. तिनेच शोधून दिला.

ती निघाली आणि मला बघवेना. मी टेंपोच्या मागे जाऊन पेंढ्यात, चाकाला टेकून बसलो. ट्रॅककडे पाठ. फक्त कान उघडे होते. इंजिन मला आवाजावरून कळतं... सरळ पट्टीवर ती गाडी अशी गायली, की माझ्या हातात कधी गायली नव्हती. मग वळणाशी आवाज खाली आला. आणि मग तो हळूहळू, कुठेही न अडखळता पुन्हा वर चढला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ती पुन्हा पुन्हा त्या वळणावरून गेली. पुढच्या फेरीला उठायचं, असं प्रत्येक वेळी ठरवत मी तिथेच बसून राहिलो.

परत आली तेव्हा तोंडभर धूळ, डोळे तेवढे चमकत होते. "बघितलंस?" मी हो म्हणून मान हलवली. तिने माझ्या पाठीला चिकटलेली पेंढ्याची काडी काढून मला दाखवली. "हो, दिसतंय ना," म्हणाली आणि हसली. "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, नागपूरला गेली. गाडी खाऱ्या हवेत उभी राहून गंजली, मग देऊन टाकली. नंतर कधी विचारलं, "सुमे, ते वळण कसं घेतलंस गं?" तर म्हणायची, "बघायचं होतंस ना." ठेवणीतलं उत्तर होतं तिचं ते. गेल्या पावसाळ्यात ती गेली... आता तेही उत्तर येत नाही.

प्रिया, तुला काय सांगू? घरचा माणूस तिथे मी एकटाच होतो. आवाज कसा होता तेवढं सांगू शकतो, अजून जसाच्या तसा कानात आहे.

म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितो आहे. तेव्हा त्या माळावर तुमच्यापैकी कुणी होतं का? तुमचे वडील, काका कुणी गाडी चालवायला आले होते का? लाल हेल्मेट, त्यावर पिवळा मासा, दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर असलेली एकटीच बाई... ती वळणावर किती झुकली होती, त्यांना एवढंच विचारा. आणि जरा लवकर कळवा. ज्यांनी बघितलं तेही आता माझ्याच वयाचे असतील.