नेक्स्टमामांचे आठ नंबरचे बूट

मामांना कुणाचंही नाव लक्षात राहत नसे आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. समोर येईल तो 'नेक्स्ट'. पिठाच्या गिरणीत रांगेत उभे असले, तरी गिरणीवाल्याच्या आधी हेच ओरडायचे. भाचीच्या लग्नात पहिली पंगत उठल्यावर मांडवाच्या दाराशी उभं राहून त्यांनी असा खणखणीत 'नेक्स्ट!' ठोकला, की वऱ्हाडातले चार जण शर्ट खोचून सरळ उभे राहिले. तेव्हापासून ते सगळ्या गावाचे नेक्स्टमामा.

भातसानगरला धरणाच्या ऑफिसात ते तीस वर्षं शिपाई होते. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर त्यांचं स्टूल. भरती असली की 'नेक्स्ट' पुकारून एकेका उमेदवाराला आत सोडायचं काम त्यांचं. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून ते शहापूरला आमच्या कॉलेजात येऊन धडकले. तिथे 'करिअर मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप. मामांनी प्राचार्यांकडून किल्ली मागून घेतली, मोडके बाक भिंतीशी सारले, मध्ये एक टेबल टाकलं आणि फुकटात साहेब झाले.

"मामा, तुमी तर कधी कुणाची मुलाखत घेतली नाय," मी एकदा आगाऊपणे म्हणालो.

"घेतली नाय, पण निकाल मला सायबाच्या आधी कळायचा," मामा म्हणाले. "दारातून खुर्चीकडं पोरगा कसा जातो, तिथंच सगळं होतं. पुढं सायब नुसता टाइमपास करतो."

तेव्हा त्यांचा अभ्यासक्रमही तेवढाच, दार ते खुर्ची. पहिला धडा, दाराशी चपला काढायच्या नाहीत. आमच्याकडच्या पोरांचा पाय कुठलाही उंबरा दिसला की आपोआप चपलेतून निघतो. भरतीच्या दिवशी केबिनबाहेर चपलांचा ढीग आणि आत उमेदवार अनवाणी, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतोय, हे मामांनी तीस वर्षं पाहिलेलं. "देवळात चाल्लास का?" ते खेकसायचे. "पायताण घालून जा. नायतर सायबाला वाटतं, पोरगा परसाद मागायला आलाय!"

पण पायताण हवं ना! आम्ही सगळे स्लिपरवाले. मामांकडे रिटायर होताना मिळालेला सरकारी बुटांचा कोरा जोड होता, आठ नंबरचा. स्वतः ते टायरच्या चपला घालून फिरायचे आणि बूट आमच्यासाठी कक्षाच्या कपाटात. ज्याचं कॉल लेटर येईल त्याच्या पायात ते चढायचे. सहा नंबरवाल्याने पुढे कापूस कोंबायचा, नऊवाल्याने देवाचं नाव घ्यायचं.

माझा मित्र काळू दहावाला. डोंगरावरच्या वाडीतला पहिला पदवीधर. पाय असा रुंद, की बुटाने आधीच हात टेकले. बूट घालून चालताना तो भाताच्या आवणीच्या चिखलातून चालल्यासारखा गुडघे उचलायचा आणि आम्ही बाकांवर आडवे होऊन हसायचो. मामा मात्र हसायचे नाहीत. कारण काळूच्या बापाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी नाही लागली, तर गपचूप वीटभट्टीवर यायचं. आणि दसरा तर होऊन गेला होता.

नेमके तेव्हाच एकाच दिवसाचे दोन कॉल आले. मुरबाडच्या एका कारखान्यात सकाळी दहाला मी, आसनगावकडच्या एका कारखान्यात दुपारी तीनला काळू. बुटांचा जोड एकच. मामांनी फळ्यावर वेळापत्रक काढलं. अकराला मी बाहेर येणार, साडेबाराच्या एसटीने मामा बूट घेऊन निघणार, अडीचला बूट काळूच्या पायात. त्यांनी खाली दोन रेघाही मारल्या.

अकरा वाजले, बारा वाजले, मी आपला कारखान्याच्या बाकावरच. गेटबाहेर मामा मनगटावर बोट आपटून दाखवत होते. सव्वाबाराला ते वॉचमनला म्हणाले, "आत माझा बूट हाय," आणि तो विचारात पडेपर्यंत आत घुसलेही. त्यांनी खाली बसून माझ्या पायांतले बूट ओढून काढले आणि स्वतःच्या टायरच्या चपला पुढे सरकवल्या. "सायबाच्या डोळ्यांत बघ. त्याला खाली बघायला टाइम देऊ नको," एवढं सांगून, लेस बांधून बूट गळ्यात अडकवले आणि ऑक्टोबरच्या उन्हात हा म्हातारा अनवाणी एसटीकडे पळाला.

दोन मिनिटांत माझा नंबर लागला. चपला फटाक फटाक वाजवत मी खुर्ची गाठली. साहेबांनी चार प्रश्न विचारले, चारही चपलांकडे बघून.

पुढचं काळूच्या तोंडून ऐकलेलं. मामा पावणेतीनला पोचले. काळूचा पाय आत जाईना, तेव्हा मामांनी त्याला भिंतीशी उभं करून टाचेखाली हात घालून बूट चढवले. लेस बांधून उठतात तोच तिथला शिपाई म्हणाला, "बूट इथंच काढा. आत गणपती हाय. सायब पण अनवाणी बसतो."

मामांनी कपाळावर हात मारला. आणि आता बूट निघेनात! एक पाय मामांनी धरला, दुसरा त्या शिपायाने, आणि मध्ये काळू दाराची चौकट धरून लोंबकळत. आतून घंटी वाजतेय. शेवटी फटकन दोन्ही निघाले आणि दोन्ही शिपाई दोन दिशांना बसले. त्या बुटांतून सुटल्याच्या आनंदात काळू असा झोकात चालत गेला, की साहेबांनी बस म्हणायच्या आधी हसून नाव विचारलं. सोमवारपासून हजर हो, म्हणाले.

संध्याकाळी मी शहापूर स्टँडवर उतरलो तेव्हा पेढे वाटून संपत आले होते. काळू नाचत होता, पोरं त्याला खांद्यावर घ्यायला बघत होती, आणि मामा बाकावर मांडी घालून हसून हसून डोळे पुसत होते. मी चपला त्यांच्या पुढ्यात ठेवल्या तेव्हा त्यांचे तळवे दिसले. फोड आले होते.

"मामा, तुमी सकाळपासून च्या तरी घेतला का?"

त्यांचं हसू थांबलं. "तीस वर्षं दाराशी उभा होतो रे," ते म्हणाले. "आत जाणारा घाबरलेला, बाहेर येणारा घाईत. असं एकानं विचारलं नाय." मग माझ्या पैशाने दोन कप प्याले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू लागलास नोकरीला!"

मामांचा अंदाज सात महिन्यांनी चुकला. मुरबाडहून काहीच आलं नाही; नाशिकचं नेमणुकीचं पत्र आलं ते पुढच्या वैशाखात, आणि मामा त्याच्या महिनाभर आधीच वारले होते. पत्र हातात घेऊन मी त्या कक्षाच्या कुलपासमोर लहान पोरासारखा रडलो.

हजर व्हायच्या दिवशी केबिनबाहेर स्टुलावर एक म्हातारे शिपाई बसले होते. त्यांना चहा घेतला का विचारलं, ते नाही म्हणाले, म्हणून खालून दोन चहा घेऊन आलो. आतून दोनदा घंटी वाजली. ते उठायला लागले, मी म्हटलं, संपवा आधी.

"पहिल्याच दिवशी उशीर?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या शिपायांबरोबर चहा घेत होतो, सर," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो.