आत्याचा बिनआवाजाचा पंखा

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी बाथरूम बघते, मग माणसं. आत जाऊन दार लावून घेते, पंख्याचं बटण दाबते आणि डोळे मिटून उभी राहते. बाहेर घरची मंडळी चहाचा कप हातात धरून ताटकळत असतात. ती बाहेर येते ती निकाल घेऊनच: पंखा बरा आहे, बसवणारा गाढव होता. आमच्या नातेवाइकांत या सवयीची भरपूर टिंगल चालते, आणि घरातला पंखा घरघरायला लागला की हेच लोक पहिला फोन तिला करतात. मला त्यांचा राग येतो आणि आत्याचा अभिमान वाटतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी मला मीठमिरची लावते म्हणायला नको.

आत्या इलेक्ट्रिशियन आहे. लहानपणी तिने उघड्या बोर्डात लोखंडी चमचा घालून अख्ख्या चाळीचे दिवे घालवले होते. तेव्हापासून बाबा तिला ठिणगी म्हणतात. बाबा तिचे थोरले भाऊ. मुलीच्या जातीला वायरी कशाला, म्हणून सगळं घर विरोधात असताना तिच्या कोर्सचा फॉर्म बाबांनी भरला. सूतगिरणीतली पाळी संपवून, केसांत कापूस तसाच ठेवून ते थेट रांगेत उभे राहिले होते. आत्या हे अजून सांगते.

मागच्या वर्षी गाडं अडलं ते आमच्याच बाथरूमपाशी. आमच्या बाथरूमला खिडकी नाही. छतावर बुरशीचे काळे ठिपके, भिंतीला हात लावला तर ओल. चाळीस वर्षं गिरणीतला कापूस हुंगून बाबांची छाती आधीच कामातून गेलेली, त्यात ही ओल. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, एक तर ही ओल घरातून जाईल, नाहीतर तुम्ही जा. दोन महिन्यांनी तपासायला या म्हणाल्या. परगावच्या माझ्या भावाकडे कोरडी, उन्हाची खोली होती. त्याने पलंगसुद्धा टाकला. बाबांनी कपाटावरची बॅग खाली काढली आणि पलंगाशेजारी उभी केली. त्यांना जायचं नव्हतं. मलाही ते जायला नको होते.

बाथरूमला पंखा नव्हता असं नाही. होता, आणि तो असा बोंबलायचा की शेजारच्यांना आमच्या आंघोळींचं वेळापत्रक पाठ झालं होतं. बाबांना तर घरघर अजिबात सहन होत नाही. चाळीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढलेला माणूस, निवृत्तीनंतर मिक्सर लागला तरी गॅलरीत जाऊन बसतो. पंखा लावला की अर्ध्या मिनिटात ते तो बंद करायचे आणि वाफेत आंघोळ करायचे. मी भांडले, रडले, बोर्डावर चिठ्ठी चिकटवली. शेवटी हात टेकले आणि आत्याला बोलावलं.

आत्या आली ती स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन. हातात आयताच डाव आलेल्या खेळाडूचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता. तिने जुन्या पंख्याची जाळी काढून आत टॉर्च मारला आणि मला वर चढून बघायला लावलं. पंख्यामागचा पाइप पन्हळी पत्र्यासारखा घड्या पडलेला, दोन ठिकाणी मुडपलेला, आणि बाहेरच्या तोंडाशी कबुतराच्या काड्या. तिचं म्हणणं असं की पंखा उगाच ओरडत नाही. त्याला हवा ढकलायला जागा नसते म्हणून ओरडतो. लोक आणखी मोठा पंखा आणतात आणि आणखी मोठी बोंब विकत घेतात. ती बोलत होती आणि मी शिडीवर उभी राहून मान डोलवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला पाइपाबद्दल उत्सुकता वाटत होती.

पुढचे दोन दिवस घरात नुसती धमाल होती. आत्याने पंखा बाथरूममध्ये बसवलाच नाही. तो गेला पॅसेजवरच्या माळ्यावर, रबराच्या पट्ट्यांवर टांगलेला, म्हणजे त्याची थरथर भिंतीत उतरायची नाही. बाथरूमच्या छतात फक्त एक जाळी. मध्ये रुंद, आतून गुळगुळीत पाइप, एकच वळण, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाइपात धरलेलं पाणी परत आत ठिबकायचं नाही. बाथरूमच्या दाराखालून तिने बोटभर फळी कापली, कारण बाहेरची हवा आत आलीच नाही तर आतली जाणार कशी. आणि खरी गंमत म्हणजे बाथरूममध्ये तिने बटणच ठेवलं नाही. भिंतीवर काडेपेटीएवढी एक डबी. हवेत दमटपणा वाढला की ती पंखा चालू करते, कमी झाला की वीस मिनिटांनी बंद. बाबांच्या बोटांना करायला काही कामच उरू द्यायचं नाही, असा तिचा डाव होता.

गरम पाणी सोडून वाफ केली आणि आम्ही तिघंही त्या एवढ्याशा बाथरूममध्ये कान टवकारून उभे राहिलो. बाबा जरा वेळाने म्हणाले, "कर की आता चालू."

"केव्हाचाच चालू आहे, दादा," आत्या म्हणाली.

तिने टिश्यू पेपर जाळीजवळ नेला आणि सोडला. तो वर चिकटून बसला. मी टाळ्याच वाजवल्या. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. मग आत्याच्या पाठीवर त्यांनी एकच थाप मारली आणि गॅलरीत निघून गेले. आत्याचे डोळे भरून आले होते.

तीन आठवड्यांनी छतावर पुसून काढलेले काळे ठिपके परत आले, आणि बाबांचा खोकलाही. माझं डोकं फिरलं. तपासणीला महिनाभरसुद्धा उरला नव्हता. मी आत्याला फोनवर नको ते बोलले, तुझा पंखा नुसताच गप्प आहे म्हणाले. तासाभरात ती दारात हजर. तोंड एवढंसं झालेलं. पाणीही न घेता तिने वाफ केली, टिश्यू वर धरला आणि सोडला. तो सरळ माझ्या पायावर पडला. तिने माळ्यावर चढून पाइप तपासला, डबी उघडली, वायरी एकेक ओढून बघितल्या. सगळं ठीक. मग ती शिडीच्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "दादासाठी एकच काम केलं, तेही धड नाही जमलं."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी खाली बघितलं, आणि पॅसेजमधल्या बोर्डावरचं कोपऱ्यातलं बटण मला दिसलं. माळ्यावर पंखा साफ करायला चढताना वीज तोडता यावी म्हणून आत्यानेच बसवलेलं, आणि आज घाईत तिनेही न बघितलेलं. ते बंद होतं.

"हे कुणी बंद केलं?"

"मीच," बाबा गॅलरीतून म्हणाले. "कशाचं आहे तेच कळेना. लावलं तरी काही होत नाही, बंद केलं तरी काही होत नाही."

बाबा गिरणीत खात्यातून शेवटचे निघायचे आणि एकेक बटण बंद करत यायचे. ती फेरी ते अजून रोज संध्याकाळी घरात मारतात. हे बटण त्यांनी म्हणे तीन संध्याकाळी लावून-काढून तपासलं होतं. संध्याकाळी बाथरूम कोरडं, त्यामुळे पंखा बंदच. आणि चालू असता तरी ऐकू काय येणार होतं? मी भांडायच्या पवित्र्यात होते, पण आत्या शिडीवर हसत सुटली, इतकी की शिडी हलायला लागली.

तिने चूक स्वतःकडे घेतली. बटणाचं मला सांगितलं होतं, दादाला नाही, आणि माझ्याही ते डोक्यातून गेलं होतं. ती म्हणाली की बोर्डावर एक लाल दिवा बसवते, म्हणजे चालू असल्याचं कळेल. बाबांनी मान हलवली. दिव्यावरून वीज आल्याचं कळतं, हवा गेल्याचं नाही. मग ते उठले आणि आपल्या खणातून सुताचं रीळ घेऊन आले. गिरणीत यंत्रावरचा धागा तुटला की खालची हवा ओढणारी नळी तो आत ओढून घ्यायची. ओढ बरोबर आहे की नाही, हे बाबा धाग्यावरून चाळीस वर्षं ओळखत आले होते. छातीमुळे त्यांना शिडी चढवेना, म्हणून वीतभर धागा त्यांनी कापून दिला आणि खालून सांगितलं तसा आत्याने तो जाळीला बांधला. मी बटण लावलं, पाणी सोडलं. जरा वेळाने लोंबता धागा हलला, सरळ झाला आणि जाळीतून वर गेला.

"तुझा कागद जाडाभरडा आहे, ठिणगे," बाबा म्हणाले. "धागा खरं सांगतो."

तपासणीच्या दिवसापर्यंत बाबा दिवसातून दहा वेळा बाथरूममध्ये डोकावायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला धागा दाखवायचे. कुरिअरवाल्यालासुद्धा. ठिपके आम्ही पुसले, ते परत उठले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी छाती दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, राहा इथेच. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला, न्यायला कधी येऊ म्हणून. बाबा म्हणाले, ये की, पण राहायला ये. एक गंमत दाखवतो.

फोन ठेवून त्यांनी बॅग उघडली, कपडे कपाटात परत लावले आणि फेरीला निघाले. स्वयंपाकघर बंद, गॅलरी बंद. पॅसेजमध्ये सवयीने हात कोपऱ्यातल्या बटणावर गेला आणि थांबला. माझी आंघोळ नुकतीच झाली होती. त्यांनी बाथरूममध्ये वर धाग्याकडे बघितलं आणि मग आत्याला फोन लावला. गेलं वर्षभर ते रोज कुणाची तरी आंघोळ झाली की लावतात, रोज एवढंच सांगायला.

"चालू आहे गं."