समदे सोयरेच

मानवतला आमच्या शेजारी रस्त्याची कंत्राटं घेणारे एक गुत्तेदार राहायचे. माणूस मोठा प्रेमळ! सडकेचं काम नसलं की लॉरी, पहारी, घमेली दुसऱ्या गुत्तेदारांना भाड्यानं द्यायचे. आधी चहा पाजायचे, मग "तुमी घरचेच" म्हणत भाडं आगाऊ घ्यायचे. इन्कम टॅक्सचे साहेब चौकशीला आले तेव्हा मात्र त्यांनी कानावर हात ठेवले.

"भाडं कशाचं, साहेब? समदे सोयरेच हायत. सोयऱ्याकून भाडं घेतेत का कुटं?"

साहेब चहा पिऊन परत गेले.

पुढं गुत्तेदारांच्या मुलीचं लग्न झालं. पाथरीचं वऱ्हाड नवरीला घेऊन त्यांच्याच लॉरीत बसलं. मुलगी हुंदके देत होती. यांनीही उपरण्यानं डोळे पुसले आणि नव्या व्याह्यापुढं हात पसरला.

"तुमी घरचेच, इवाई. भाडं तेवढं आगाऊ द्या."