आनंदाच्या रविवारची मेणबत्ती

सोजरबाई तोंडाची फटकळ. मोहोळकडून लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, विड्या वळून तिनं एकुलती लेक वाढवली. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लांबली तर फादरांनाही दोन शब्द ऐकवायला ती कमी करत नसे. पण नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की हीच बाई मवाळ व्हायची. "देव यायचा हाय, घरात भांडान नगं," म्हणायची.

यंदा तर तिचे पाय जमिनीवर नव्हते. लेक अंकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आगमनकाळाच्या चार रविवारी चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावतात. त्यातली तिसरी गुलाबी, आनंदाची. ती पोटुशी बाईनं लावायची, अशी त्यांच्या चर्चची रीत. मरियेनं बाळाची वाट कशी पाहिली, ते तिच्याशिवाय कुणाला कळणार? सोजरबाईनं सगळ्यांच्या आधी जाऊन अंकिताचं नाव दिलं.

पहिला रविवार झाला आणि बाळ पोटातच गेलं.

अंकिता दवाखान्यातून घरी आली ती दगड होऊन. रडली नाही, बोलली नाही. शिवून ठेवलेली कुंची सोजरबाईनं ट्रंकेच्या तळाशी दडपली आणि मोरीत नळ सोडून एकटीच रडून घेतलं. तिला आता देवाकडे एकच मागायचं होतं, पोरीनं एकदा रडावं. नाहीतर ही आतल्या आत संपेल.

तिसऱ्या रविवारी तिनं हातापाया पडून अंकिताला चर्चला नेलं. फादर सांगत होते, आगमनकाळ म्हणजे अंधारात बसूनही तो येतोय असं मानणं. सोजरबाईला ते ऐकवेना. इतक्यात चर्चचं कामकाज बघणारे मास्तर उठले. ते आजच दुधनीहून परतलेले, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी मेणबत्ती लावायला नाव पुकारलं, "अंकिता!"

नाव मागे घ्यायचं सोजरबाई साफ विसरली होती. धरणी दुभंगावी असं तिला झालं.

अंकिता उठली. कुणी अडवायच्या आत वेदीपाशी गेली. एक काडी ओढली, मोडली. दुसरीही पेटेना. सोजरबाईनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"आये, आता मी कुनाची वाट बगू?"

एवढ्या दिवसांतले तिचे हे पहिले शब्द. 

"मला ठावं न्हाय गं माय," सोजरबाई म्हणाली. "मी आपली तुजी वाट बगतीया."

अंकितानं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हंबरडा फोडला. सगळं चर्च हादरलं. फादरांनी घाईघाईनं गाणाऱ्या मुलींना गाणं सुरू करायची खूण केली.

सोजरबाईनं हात वर केला. तिच्या डोळ्यांना धार लागलेली.

"गानं नगं, फादर. माजी लेक आत्ता कुटं परत आलीया."