हाजार आपाचे पाहुणे

हाजार आपाच्या हातच्या शेवयांवर आमची अख्खी गल्ली वाढली. माझ्या आईला डोहाळे लागले तेही तिच्याच लसणाच्या ठेच्याचे. तरी आई जन्मभर म्हणत आली, "हाजार डुंगन आहे, पण बाई स्वच्छ." आम्ही कझाक लोक हे कौतुक म्हणून बोलतो, आणि समोरचीने ते कौतुक म्हणूनच घ्यावं अशी आमची अपेक्षा असते. आपा नुसती हसायची आणि आणखी वाढायची.

डुंगन म्हणजे मूळचे चिनी मुसलमान; तिचे पूर्वज चीनकडचे घाट उतरून आले त्याला दीडशे वर्षं होत आली. माझे आजोबा या गावात आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तरी घरधनी आम्ही आणि पाहुणी ती. दर एकता दिनाला आमचं जिल्हा कार्यालय तिला भरतकामाचा लाल झगा घालून चौकात उभी करायचं. साहेब भाषणात "आमचे कष्टाळू डुंगन बांधव" म्हणायचे. कष्टाळू तर लोक बैलालाही म्हणतात. ती भाषणं टाइप मीच करायची, कारण त्या कार्यालयात मी नोकरीला आहे.

यंदा बाजारात गाडी लावण्यावरून तिच्या मुलाची, याह्याची, एका कझाक पोराशी बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीसेक माणसं पेट्रोलचे डबे घेऊन आली आणि त्यांनी याह्याची खानावळ पेटवली. पोलिसांनी उचललं ते याह्यालाच. आपाने तक्रार दिली. कोण आलं, काय ओरडत आलं, सगळं लिहिलं. पाच जणांची नावंही दिली.

मग आमच्या कार्यालयाच्या सेरिम्बेत साहेबांनी मला त्या तक्रारीच्या जागी दुसरा कागद लिहायला सांगितला. त्यात पेट्रोल नव्हतं, नावं नव्हती. "दोन तरुणांमधील किरकोळ वाद. वंशाचा काडीमात्र संबंध नाही." मी टाइप केलं, वर शुद्धलेखनही तपासलं. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

सही घ्यायला आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. आमच्याकडे पाहुण्याच्या वाटीत घोटभरच चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. सात वर्षांची असताना मी आपाची वाटी काठोकाठ भरली होती, तेव्हा ती हसत म्हणाली होती, "मला हाकलतेस होय गं? भरलेली वाटी म्हणजे पी आणि नीघ." घोटभर ओतायला मी तिच्याकडूनच शिकले.

साहेबांचा आवाज तुपात घोळलेला. "आपा, आपण एकाच घरातली माणसं. फक्त पाहुण्याने घरधन्याचा मान राखावा, एवढंच."

"खानावळ कुणी जाळली?"

"लोकांचा राग अनावर झाला."

"राग घरून पेट्रोल घेऊन येतो?"

"शब्दाने शब्द वाढवू नका. नावं घेतली की वंश निघतो, वंश निघाला की गावात फूट पडते. तुम्ही समजूतदार आहात. बाकीच्या डुंगनांसारख्या नाही."

हे त्यांनी अगदी मायेने म्हटलं. मी मान खाली घालून बसले.

"सही केलीत तर याह्या उद्या घरी येईल," साहेब म्हणाले. "नाहीतर त्याच्यावर खटला. मग माझ्या हातात काही नाही."

आपाने कागद सावकाश, दोनदा वाचला. "हे लिहिलं कुणी?"

"आपल्या राइहानने," साहेब माझ्याकडे बोट दाखवून हसले. "तुमच्याच हातची पोर. परकं कोणी नाही."

आपाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

तिने साहेबांची वाटी ओढून घेतली आणि भरत गेली, अगदी काठापर्यंत, थेंबाची जागा ठेवली नाही. कागद बिनसहीचाच परत सरकवला. याह्या आजही तुरुंगात आहे, आणि असं होणार हे तिला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. साहेबांचा चेहरा उतरला. वाटीला हातही न लावता ते उठले.

मी बसूनच होते. मला वाटलं, मी तर घरचीच.

तिने माझी वाटी घेतली. तीही काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर ठेवली.

"गरम आहे, पोरी," ती म्हणाली. "जपून पी."