काकूंचं बोलणं मी थांबवलं

धुळ्यात मी कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि महिन्यातून एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा दाखवायचो. पडद्यावरच्या संवादांचं मराठीही मीच करायचो. तीन वर्षांपूर्वी मी जुन्या काळातली एक प्रेमकथा निवडली. युद्ध तोंडावर आलेलं शहर, देश सोडून तिथं अडकलेली माणसं, आणि भाड्याच्या खोलीत भेटलेले दोघं. त्याला पुढं जायची परवानगी मिळते, तिला मिळत नाही. मी तो सिनेमा कितीदा तरी पाहिला होता आणि दर वेळी रडलो होतो. त्या रडण्याचा मला थोडा अभिमानच होता.

सिनेमा संपल्यावर घर सुटलेल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत, ही कल्पना माझीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी काकूंचं कटपीसचं दुकान होतं. फाळणीत, आठ वर्षांच्या असताना त्या सिंधमधून आल्या, एवढं मला माहीत होतं. वीस वर्षं त्यांच्याकडून शर्टाचं कापड घेत होतो, पण त्यापुढं कधी काही विचारलं नव्हतं.

"मी काय बोलणार, सर?" काकू म्हणाल्या. खेड्यापाड्यांतल्या बायकांना कापड विकता विकता त्यांच्या बोलण्यात अहिराणी मुरली होती. "पण माले बठ्ठं ध्यानमा शे."

"सगळं लक्षात आहे ना, तेच सांगा. दोनच शब्द."

त्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून, सुनेचा हात धरून आल्या. पहिल्या रांगेत बसून त्यांनी पूर्ण सिनेमा पाहिला. मग माइकसमोर उभ्या राहिल्या आणि थेट घरापासून सुरुवात केली. खोल्या किती होत्या, दाराला रंग कोणता होता, शेजारी कोण राहायचं, म्हैस किती दूध द्यायची. मागची मुलं मोबाइल काढू लागली. जळगावहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना परतीची बस गाठायची होती.

"मग निघायच्या सकाळी आई..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. डोळे मिटून त्या शब्द शोधत होत्या.

मी टाळ्या वाजवल्या.

सगळ्या हॉलनं वाजवल्या. काकूंनी दचकून डोळे उघडले, हात जोडले आणि खाली बसल्या. मी माइक घेतला आणि विस्थापनाच्या वेदनेवर वीस मिनिटं बोललो. पाहुणे त्या बसनं गेलेच नाहीत. आमच्याकडे जेवले, माझ्या भाषणाचं कौतुक केलं, मग निघाले.

पुढचे आठ दिवस मी दुकान टाळून मागच्या रस्त्यानं जात होतो. नवव्या दिवशी मन घट्ट करून गेलो. काकूंनी मला पाहताच गल्ल्याखालून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं.

"तुमचा फोटो छान आला, सर. तुमच्यासाठी ठेवलं होतं."

बातमीच्या शेवटी एक ओळ होती : एका ज्येष्ठ महिलेनेही मनोगत व्यक्त केले.

"काकू, त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

"तुम्ही दोनच शब्द सांगितले होते. मीच लांबवलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"निघायच्या सकाळी आईनं काय केलं?"

कापडाची घडी घालत त्या सांगू लागल्या. "टांगा दारात होता. वडील ओरडत होते आणि आई माठ भरत होती. वडील म्हणाले, कुणासाठी भरतेस? ती म्हणाली, जे येतील ते लांबून चालत आलेले असतील." मग म्हणाल्या, "सिनेमातल्या त्या बाईनं निघताना कप विसळून ठेवले ना, तेव्हा आठवलं. घरात कुणाला सांगितलेलं नाही हे."

मला कप आठवेनात. त्या प्रसंगात संवाद नव्हता, म्हणून माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

"पुन्हा या ना कॉलेजात," मी म्हणालो. "हवा तेवढा वेळ बोला."

"नको, सर. एकदा धीर केला होता."

तेवढ्यात एक बाई ब्लाउजपीस बघायला आली आणि काकू तिच्याकडे वळल्या. मी कात्रण खिशात घातलं आणि "येतो" म्हणून निघालो. माफी मागायला गेलो होतो, पण तो शब्द तोंडातून निघालाच नाही. मग रोज वाटायचं, उद्या जाऊ. काकू गेल्या, त्याला आता वर्ष होईल.