विहीणबाईंचे वाटे

अंधेरीपासून दहिसरपर्यंत माणसांना दरडावणाऱ्या बायका पुष्कळ असतील, आमचे हे म्हणतात की मीसुद्धा त्यातलीच एक. पण जिची चाहूल लागली की चवळीचे वेल नीट मांडवावर चढतात आणि माठाच्या जुड्या रांगेत उभ्या राहतात, अशी बाई अख्ख्या उपनगरात एकच आहे, आणि ती माझ्या लेकीची सासू आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये हं. लोक जावई अमेरिकेत असल्याचं सांगतात, मी विहीण गोराईत असल्याचं सांगते, आणि तेवढ्याच तोऱ्यात सांगते.

विहीणबाई बोरिवलीच्या एका शाळेत जन्मभर पी.टी.च्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात नाव घालतात, गुडघ्यांना तेल चोळतात, फार तर केरळला जाऊन येतात. ह्यांनी खाडीपलीकडे, गोराईत, ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाची पडीक वाडी कसायला घेतली. वडील मालवणकडचे शेतकरी; लहानपणी सोडलेलं शेत ह्यांच्या अंगातून काही गेलेलं नव्हतं. मग ओळखीपाळखीतून पंचवीस-तीस घरं जमवली. बोलणी सरळ होती. पाडव्याला वर्षभराची मेंबरशिप घ्यायची, दर रविवारी होडीनं पलीकडे जायचं, सकाळभर शेतात राबायचं आणि त्या आठवड्यात जे पिकलं असेल त्यातला आपला वाटा पिशवीत घालून घरी यायचं. मला दुधी नको, मला भेंडीच पाहिजे, असलं काही तिथे चालत नाही. एका बाईनं एकदा विचारलं होतं, "ब्रोकोली नाही का लावत तुम्ही?" विहीणबाईंनी तिला त्या दिवशी शेणखत कालवायला बसवलं.

ह्या बाईची आणि माझी पहिली चकमक लग्नाच्या बैठकीत झाली. आम्ही मुलीकडचे, म्हणजे जरा जपूनच बोलत होतो. मी अदबीनं विचारलं, "तुमचा मानपान काय तो सांगा, म्हणजे आमच्याकडून काही राहायला नको." विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हॉलमधला सगळा ओला कचरा मला पाहिजे. केळीची पानं, हार, भाज्यांची देठं, नारळाच्या शेंड्या. केटररला आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर मेले प्लॅस्टिकमध्ये मिसळतात." आम्हाला वाटलं, विनोद करतायत. आम्ही हसलोसुद्धा. पण लग्नाच्या दिवशी पाठवणीच्या वेळी, माझी लेक माझ्या गळ्यात पडून रडत असताना, तिची सासू पैठणीचा पदर कमरेला खोचून हॉलच्या मागच्या दारात गोणी भरत उभी होती. वरातीच्या गाडीमागून टेम्पो निघाला तो आमच्या मानपानाचा. त्या खतावर पुढच्या वर्षी जी वांगी आली ना, तशी वांगी मी आजवर पाहिली नाहीत. विहीणबाई ती सगळ्यांना दाखवत म्हणायच्या, "ही आमच्या सुनेच्या लग्नातली."

शेतावरचं काम म्हणजे आधी कवायत. होडीतून उतरून, चालून, वाडीत पोचलं की विहीणबाई गळ्यातली शिट्टी फुंकतात. बँकेचे मॅनेजर, दाताच्या डॉक्टर, कॉम्प्युटरवाली पोरं, सगळी उंचीप्रमाणे उभी. मग हात वर, हात खाली, कमरेत वाका, "वाकता येत नाही तर तण कसं काढणार? जिममध्ये काय आरसे पुसायला जाता?" आमचे हे पहिल्याच रविवारी वाकले ते तसेच राहिले. विहीणबाईंनी पाठीवर अशी थाप मारली की कण्यातून कट्ट आवाज आला आणि हे सरळ झाले. तेव्हापासून ह्यांची श्रद्धा बसली आहे. डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढे ढकलतात, रविवार नाही.

फाल्गुन-चैत्रात मात्र ह्या वाडीला नुसतं बघायला यावं. कुंपणाचा पांगारा लालभडक पेटलेला, काजूची बोंडं पिवळी-तांबडी लोंबतायत, कैऱ्या अजून बोटाएवढ्या, मोगऱ्याला पहिल्या कळ्या. पांढरे कांदे उपटून मांडवात पसरलेले. आणि कोकिळेनं सूर लावला की विहीणबाई वर बघून म्हणणार, "गाणं नंतर, आधी अळ्या वेच." कोकिळेला म्हणतात की आम्हाला, ते कधी कळलं नाही. आम्ही आपले मुकाट्यानं अळ्या वेचायचो.

काम संपलं की वाटे घालायचे. ही कोकणातली जुनी रीत. जमिनीवर गोणपाट अंथरायचं, घरटी एक असे भाजीचे ढीग लावायचे, वाटेकऱ्यांपैकी एकानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कोणाचो?" पाठमोऱ्या माणसानं न बघता नाव घ्यायचं. मग कोणाला मोठा मुळा गेला आणि कोणाला किडका, ह्यावर भांडण नाही. आमच्याकडे पाठ करायचं काम आमच्या व्याह्यांचं. हा भला माणूस एरवी दिवसभरात चार शब्द बोलत असेल. एकदा मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं संसार झाला, बायकोकडे पाठ फिरवायची परवानगी मला फक्त रविवारीच असते. तेवढीच मजा."

तर गेल्या वर्षीची गोष्ट. वाडीतली विहीर खाडीच्या जवळ. उन्हाळा चढला की तिचं पाणी मचूळ होतं, हे सगळ्यांना ठाऊक. विहीणबाई रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन, डोळे मिटून, डॉक्टर नाडी बघतो तशा उभ्या राहतात. दरवर्षी वैशाखापर्यंत निभावतं. गेल्या वर्षी होळीलाच विहीर बिघडली. पानांच्या कडा करपायला लागल्या, चवळीचा फुलोरा गळला, मिरची आहे तिथेच थांबली. आम्ही कुजबुजत होतो, पण विचारणार कोण? पाडवा जवळ आलेला. पाडव्याच्या रविवारी सगळी घरं ठरवणार, की पुढचं वर्ष राहायचं का नाही. निम्मी जरी गळाली तरी वाडी परत द्यावी लागणार, हे विहीणबाईंना पक्कं माहीत होतं. लेक सांगत होती, "आई, त्या हल्ली जेवतसुद्धा नाहीत गं नीट."

आणि गंमत अशी की शेत वाळत होतं, पण वाटे मात्र वाढत होते! एका रविवारी टोमॅटो, दुसऱ्या रविवारी कोबी. आम्ही म्हटलं, बाईंच्या हाताला यश आहे. आमचे हे तर म्हणाले, "ती बाई पाण्यालासुद्धा दम देत असेल."

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी बोरिवली स्टेशनबाहेर आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याकडे लिंबं घ्यायला गेले. तो म्हणाला, "ताई, तुमच्या विहीणबाईंना सांगा, ह्या वेळी फ्लॉवर चांगला येणार आहे. त्या शनिवारी पहाटे येतात ना, टेम्पो घेऊन. एवढी भाजी काय करतात हो? खानावळ काढली की काय?"

माझ्या हातातली लिंबं तशीच राहिली. पुढचा आठवडा माझी झोप उडाली. सांगू तर कोणाला सांगू? मुलीच्या आईनं मुलीच्या सासरचं, तेही विहिणीचं बिंग फोडायचं? लेकीच्या संसारात मिठाचा खडा टाकल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगू, राग येतच नव्हता. मला रडूच येत होतं. ब्रोकोली मागितली म्हणून शेणात बसवणारी बाई, ती पहाटे उठून बाजारचा कोबी आणून, माती चोळून, आमच्या वाट्यात घालत होती. का? तर कोणी रिकाम्या हातानं परत जाऊ नये.

पाडव्याचा रविवार उजाडला. वाडीत गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, शिट्टी वाजली, कवायत झाली. वाटे घातले. व्याही पाठ करून उभे राहिले. एका ढिगावर पांढराशुभ्र फ्लॉवर.

आमच्यात मुलुंडचे एक काका आहेत. दोन गाड्या, एक रिक्षा आणि एक होडी करून येतात. स्वभावानं गरीब. त्यांनी फ्लॉवर उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "बाई, हा आपण कुठल्या वाफ्यात लावला होता हो? मी दर रविवारी येतो, मला कुठे दिसला नाही."

सगळ्यांच्या माना शेताकडे वळल्या. शेतात होतं काय? करपलेला माठ, चार मिरच्या आणि कैऱ्या. व्याही अजून पाठमोरेच उभे होते, पण त्यांचे खांदे खाली गेले. तेव्हा मला कळलं, व्याह्यांनाही ठाऊक होतं.

विहीणबाई मट्कन गोणपाटावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. "बाजारातलो हा," त्या म्हणाल्या. एकदम मालवणीत. "विहीर गेली. होळीलाच गेली. काय करू मी? लोक लांबून येतात, राबतात. त्यांना मी करपलेला माठ देऊ? माझे बाबा पाहुण्याला रिकाम्या पिशवीनं कधी धाडत नव्हते."

मला राहवलं नाही. मुलीकडची बाजू वगैरे गेली खड्ड्यात. मी पुढे झाले आणि म्हटलं, "अहो विहीणबाई, पाहुणे कोण आहेत इथे? पाहुण्यांना कोणी शेणात बसवतं का? वाकवून वाकवून आमच्या कमरा मोडल्यात, नखांत तुमची माती अडकलीय, आणि पीक गेलं तर ते तुमचं एकटीचं गेलं? आम्हाला परकं करताय होय?"

मुलुंडचे काका फ्लॉवर छातीशी धरून म्हणाले, "बाई, फ्लॉवर माझ्या बिल्डिंगखाली मिळतो. चांगला मिळतो. मी काय फ्लॉवरसाठी येतो का?" आणि मग त्यांनी ते म्हटलं, जे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं. "पिकलं तेव्हा वाटे घातलेत ना? मग गेलं त्याचेही घाला. माझा वाटा मला पाहिजे."

दाताच्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि बाजारची भाजी गोळा करायला लागल्या. ती सगळी नंतर होडीवाल्यांना देऊन टाकली. त्यांची चैन झाली. आम्ही सगळे वाफ्यांत उतरलो. करपलेला माठ निवडून निवडून काढला, मिरच्या तोडल्या, कैऱ्या काढल्या. विहीणबाई उठल्या, डोळे पुसले, शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकर काही धड निघेना. मग नुसत्याच वाटे घालायला बसल्या. घरटी मूठभर माठ, दोन-तीन मिरच्या, एक कैरी. कैऱ्या कमी पडल्या तेव्हा काही सुरीनं निम्म्या केल्या. व्याह्यांनी पाठ केली. "ह्यो कोणाचो?" विहीणबाईंचा आवाज चिरकत होता. व्याही एकेक नाव घेत होते, आणि एरवी पुटपुटणारा माणूस त्या दिवशी खणखणीत बोलत होता.

सगळी घरं राहिली असं नाही. दोन घरं गळाली. आम्हाला भाजी लागते हो, म्हणाली. त्यांचंही चुकलं नाही. पण बाकीची सगळी राहिली, आणि वाडी राहिली.

परतताना होडीत आमच्या मोठमोठ्या पिशव्या बघून एका बाईनं विचारलं, "काय घेऊन आलात एवढं?" मुलुंडच्या काकांनी पिशवीतून मूठभर माठ काढून तिला असा दाखवला, की जणू घरच्या बारशातलं बाळ दाखवतायत. मी खाडीकडे तोंड फिरवलं. माणसानं होडीत रडू नये.

त्या दिवशी माठाची भाजी केली. पाडव्याच्या श्रीखंडाशेजारी ती एवढीशी वाढून घेतली, आमच्या ह्यांनी आणि मी. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. लग्न ठरल्यापासून ह्या बाईनं मला सूचना दिल्या, हुकूम सोडले, झापलं, पण कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, भाजी कशी झाली हो?"

मी काय खोटं बोलणार होते? खोटं नको म्हणून तर सगळं झालं होतं.

"खारट," मी म्हटलं. "चांगलीच खारट. पुढच्या रविवारी परत द्या."

पलीकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "मग मीठ कमी घालायचं. एवढंसुद्धा मीच सांगायचं का?" आणि फोन ठेवून दिला.